नेसत्या वस्त्रानिशी

पोटगीचा किंवा कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज लिहिताना एक वाक्य येतंच. ‘सामनेवाले यांनी अर्जदार हिस नेसत्या वस्त्रानिशी घराबाहेर हाकलून दिले.’ मी १९९४ साली वकिली सुरू केली. तेव्हापासून हे वाक्य किती अर्जांत लिहिलं असेल याची मोजदाद नाही. पूर्वी ते टायपिस्टला सांगावंही लागायचं नाही, तो आपणहून टाकायचा. आता ते कॉम्प्युटरमध्ये तयारच असतं. फक्त तारीख बदलायची.

दोनेक वर्षांपूर्वी एका अशिलाने ते वाक्य वाचलं आणि मला थांबवलं. म्हणाली, “मॅडम, हे बरोबर नाही. मी काही नेसलेलं नव्हतंच. मी गाऊनवर होते.”

रात्री साडेअकराला नवऱ्याने तिला दाराबाहेर काढून आतून कडी लावली, तेव्हा तिच्या अंगावर घरातला जुना गाऊन होता. काखेत उसवलेला. वर ओढणीसुद्धा नाही. त्या वेशात पोलीस चौकीत जायचं कसं? ती आधी शेजारणीकडे गेली. शेजारणीने आपली साडी दिली, परकर-ब्लाउज दिलं. ब्लाउज सैल होत होतं, त्याला दोन पिना लावल्या. मग दोघी चौकीत गेल्या. “म्हणजे नेसती वस्त्रं माझी नव्हतीच,” ती म्हणाली. “तुम्ही ती माझी म्हणून लिहिलीत.”

मी अर्ज दुरुस्त केला. मग तिला विचारलं, घरात तुझं काय काय राहिलंय? हा प्रश्न आम्ही नेहमीच विचारतो, पण त्याचा अर्थ असतो सोनं किती तोळे, भांडी कुठली, गोदरेजचं कपाट कुणी दिलं. ती कपडे सांगायला लागली. कुठली साडी कुणी दिली, कुठली स्वतःच्या पगारातून घेतली, कुठल्या ड्रेसची सलवार फाटली पण कुर्ता चांगला आहे. वीस मिनिटं ती बोलत होती आणि मी पेन हातात धरून नुसती ऐकत होते. स्त्रीधनाच्या यादीत हे लिहायचं असतं हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

मैत्रिणींनो, आपल्या अंकात कपड्यांवर लिहायचं म्हणजे थोडं अवघडल्यासारखं होतं. हिंसा, पोटगी, रोजगार, दंगली हे आपले विषय, आणि साडी-ड्रेस हे गुळगुळीत कागदाच्या मासिकांचे, अशी आपली एक वाटणी झालेली आहे. मलाही ती पटायची. आता पटत नाही. बाईचा कपडा हा नुसता कपडा राहतच नाही. तो तिच्या चारित्र्याचा पुरावा म्हणून वाचला जातो. कोर्टात तर उघडउघड. आणि तो तसा वाचला जावा यात आमच्यासारख्या बायकांचाही हात आहे, हे मला कबूल करायचं आहे.

आधी माझं सांगते.

डोंबिवलीत गाऊन म्हणजे सकाळी पाण्याच्या वेळेपासून दुपारच्या झोपेपर्यंत बायका घालतात तो. त्यावर ओढणी टाकली की खाली भाजी आणायला जाता येतं. वकिलांचाही गाऊनच. मला सनद मिळाली तेव्हा आई शेजाऱ्यापाजाऱ्यांना कौतुकाने सांगत होती, “आता हिला गाऊन मिळणार.” शेजारच्या काकू म्हणाल्या, “अहो, तो तर आम्ही लग्नापासून घालतोय.” वकिलाचा तो काळा गाऊन उच्च आणि सर्वोच्च न्यायालयात सक्तीचा, आमच्या खालच्या कोर्टांत ऐच्छिक आहे. आमचं काम काळ्या कोटावर आणि गळ्यातल्या पांढऱ्या बँडवर भागतं.

मी ठाण्यात एका ज्येष्ठ वकिलांकडे उमेदवारीला लागले. पहिल्या दिवशी पांढरा पंजाबी ड्रेस घालून गेले. त्यांनी एकदा पाहिलं आणि म्हणाले, “उद्यापासून साडी. ड्रेसवाल्या पोरीकडे कोण अशील वकीलपत्र देणार?” बार कौन्सिलचा नियम काय सांगतो हे मी तेव्हा वाचलंही नव्हतं, सिनियरचा शब्द हाच नियम. (आज नियमात साडी, लांब स्कर्ट, चुडीदार-कुर्ता, सलवार-कुर्ता हे सगळं चालतं. ओढणी घ्या किंवा घेऊ नका. रंग तेवढा पांढरा, काळा किंवा सौम्य हवा, आणि त्यावर नक्षी नको.)

ज्या बायकांनी नव्वदच्या दशकात डोंबिवलीहून सकाळची गाडी पकडली आहे, त्यांना पुढचं सांगायला नको. साडी नेसून लेडीज डब्यात चढायचं म्हणजे निऱ्या एका हाताने वर धरायच्या, पदर कमरेला खोचायचा, पर्स पोटाशी. मग दोन हातांपैकी दांडा धरायला उरतो किती? ठाण्याला उतरताना चढणाऱ्यांचा लोंढा अंगावर यायचा आणि कुणाची तरी टाच निऱ्यांवर पडायची. पश्चिम रेल्वेवर १९९२ मध्ये फक्त बायकांसाठी गाडी सुरू झाली, त्याचं केवढं कौतुक झालं. गर्दीत निऱ्या जपणाऱ्या बाईला त्या कौतुकाचा अर्थ नीट कळत होता. काही दिवसांनी मी ड्रेस घालून गाडी पकडायला लागले. साडी पिशवीत. ऑफिसच्या मोरीत, ओल्या फरशीवर एका पायावर उभी राहून साडी नेसायची, मग कोट चढवून कोर्टात. असं दीड-दोन वर्षं चाललं. एका पावसाळी सकाळी ती पिशवी गाडीतल्या रॅकवर राहिली. दुसरा इलाजच नव्हता, ड्रेसवर कोट घालून उभी राहिले. साहेबांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. पुढची तारीख दिली. त्यानंतर मी साडी नेसले ती मला नेसावीशी वाटली तेव्हाच.

कोटाची गोष्ट मात्र अजून संपलेली नाही. उन्हाळ्यात खालच्या कोर्टांत कोटाची सक्ती नसते. पुरुष वकील एप्रिल-मेमध्ये खुशाल कोट काढून येतात. मी काढत नसे. एका कोर्टात एकदा काढला होता, तर शिपायाने मला पक्षकार समजून बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. माझ्याबरोबरचा कनिष्ठ वकील, तोही बिनकोटाचा, सरळ आत गेला. पुरुषाला वकील दिसायला कोट लागत नाही. मला मेच्या उकाड्यातही लागतो. शिवाय शिंपी बायकांच्या कोटाला आतला खिसा देत नाहीत. छातीवर फुगतो म्हणतात. मी भांडून शिवून घेतला. आपलं पाकीट, किल्ली आणि पास स्वतःच्या अंगावर ठेवता येणं ही काय चीज आहे, हे साडी-ब्लाउजात पासबुक लपवणाऱ्या माझ्या अशिलांना विचारा.

हे सगळं तक्रारीच्या सुरात आलं, पण कपडे मला आवडतात. कोर्टाने पांढऱ्या-काळ्यात कोंडल्यामुळेही असेल, सुट्टीच्या दिवशी मला पोपटी, शेंदरी, जांभळं असलं काहीतरी हवंच असतं. पहिल्या फीची मी इरकल घेतली. ती घेतल्यावर महिनाभर डबा घरून न्यावा लागला आणि चहा दुसऱ्यांच्या पैशांनी प्यावा लागला. जांभळी नाक्याच्या दुकानांतून काही न घेता हिंडण्यातही मला सुख वाटतं. चळवळीतल्या मैत्रिणींपासून मी हे बरीच वर्षं लपवून ठेवलं. त्यावर पुढे येतेच.

कामासाठी कल्याणला उतरले की मला पुष्कळदा आनंदीबाई जोशी आठवतात. त्यांचं माहेर कल्याणचं. लहानपणी यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं. डॉक्टर व्हायला अमेरिकेला निघण्यापूर्वी, १८८३ मध्ये, त्यांनी बंगालमधल्या सेरामपूरच्या महाविद्यालयात इंग्रजीत भाषण केलं. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असं सगळ्यांसमोर सांगितलं. त्या वेळी त्यांना अठरा वर्षंही पुरी झाली नव्हती. बाई शिकायला चालली, पण पोशाख आणि आहार बदलणार नाही याची हमी तिने समाजाला आधी द्यायची. मग पेनसिल्व्हेनियाचा हिवाळा आला. नऊवारीत पिंढऱ्या उघड्या राहतात, हे आपल्याला ठाऊक आहे. आपल्याकडच्या हवेत त्याचं काही वाटत नाही, बर्फात वाटतं. आनंदीबाईंनी गुजराती पद्धतीने, घोटे झाकतील अशी साडी नेसायला सुरुवात केली. एवढ्या बदलाविषयीही नवऱ्याशी पत्रव्यवहार झाला. शरीरशास्त्राचा अभ्यास, ढासळती तब्येत, परकं अन्न, आणि त्यात साडी कशी नेसायची याचा हिशेब सातासमुद्रापार पाठवायचा!

१० ऑक्टोबर १८८५ चा त्यांचा एक फोटो तुमच्यापैकी अनेकींनी पाहिला असेल. शेजारी जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. फोटो देखणा आहे, माझ्या टेबलावर काचेखाली आहे. पण तो पाहताना मला नेहमी वाटतं की या तिघींनी आपापला देश अंगावर घेतलेला आहे, आणि तो काय वजनाचा असतो ते त्यांनाच माहीत. १८८६ मध्ये आनंदीबाई डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात त्यांची नेमणूकही ठरली होती. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्या पुण्यात वारल्या, वयाची बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. त्या कामावर रुजू झाल्या असत्या तर काय घालून वॉर्डात गेल्या असत्या, असा एक बिनकामाचा विचार माझ्या मनात येतो. त्यावरूनही पत्रं आली असतीच.

आता पुन्हा माझ्या अशिलाकडे.

ती ठाण्यातल्या एका मॉलमध्ये सौंदर्यप्रसाधनांच्या काउंटरवर उभी असते. तिथला गणवेश काळी पँट आणि शर्ट. लिपस्टिक लावणं कामाचा भाग आहे, न लावता गेली तर सुपरवायझर परत पाठवतो. तिची जबानी व्हायची होती त्याच्या आदल्या दिवशी मी तिला सांगितलं, “उद्या साडी नेसून ये. साधी. मंगळसूत्र घाल. लिपस्टिक नको. केस बांधून ये.” हे मी तिला एकटीलाच सांगितलं असं नाही. मी सगळ्यांनाच सांगत आले. माझ्या पिढीतली बहुतेक प्रत्येक वकील बाई सांगते. उल्हासनगरच्या माझ्या काही अशील घरी बसून जीन्सचे धागे कापतात, नगावर पैसे मिळतात. दिवसभर मांडीवर जीन्स असते. त्यांनाही मी कोर्टात येताना साडीच सांगितली आहे. यात वाईट हेतू नव्हता. समोर बसणारा माणूस कुठल्या चष्म्यातून बघेल ते मला माहीत होतं, आणि माझ्या बाईचं नुकसान होऊ नये एवढंच मी बघत होते.

ती म्हणाली, “मॅडम, मी खरं सांगायला येणार आहे ना? मग वेषांतर कशाला?”

मी तिला नेहमीचं उत्तर दिलं. कोर्ट आहे, कोर्टाचा मान ठेवायचा. तिने मान हलवली. दुसऱ्या दिवशी ती साडी नेसून आली. कोर्टातून परस्पर ड्युटीवर जायचं होतं म्हणून गणवेश पिशवीत घेऊन आली. ती पिशवी बघून मला ऑफिसची मोरी आठवायला हवी होती. नाही आठवली.

उलटतपासात नवऱ्याच्या वकिलांनी दोन फोटो काढले. एक मॉलमधला, गणवेशातला. दुसरा मैत्रिणींबरोबर पावसाळी सहलीचा, त्यात जीन्स आणि टी-शर्ट. हे तुम्हीच ना? यात तुम्ही पँट घातली आहे ना? गळ्यात मंगळसूत्र दिसत नाही, बरोबर? आणि मग सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल असा शेवटचा प्रश्न, “मग आज कोर्टासाठी म्हणून साडी नेसून आलात का?”

तिने माझ्याकडे पाहिलं.

मी हरकत घेतली, प्रश्न गैरलागू आहे म्हटलं. साहेब म्हणाले, पुढचा प्रश्न घ्या. पण हरकत घेताना माझा आवाज नेहमीसारखा लागला नाही. कारण प्रश्न गैरलागू असला तरी त्याचं खरं उत्तर ‘हो’ होतं, आणि ते मी घडवलेलं होतं. ती गणवेशात उभी राहिली असती तर त्या फोटोत दाखवण्यासारखं काय होतं? पँट-शर्टातली बाई पँट-शर्टाच्या फोटोशेजारी. मी तिला साडी नेसवली म्हणून तो फोटो म्हणजे काहीतरी उघडकीस आणल्यासारखा झाला. समोरच्या वकिलांच्या हातात हत्यार मीच दिलं.

तिने स्वतःच त्याला उत्तर दिलं. न विचारताच म्हणाली, “साहेब, तो माझ्या नोकरीचा ड्रेस आहे. त्याच पगारातून मी मुलीची फी भरते.” ते वाक्य जबानीत घेतलं गेलं. मला ते सुचलं नसतं, कारण मी त्या ड्रेसची लाज झाकायच्या मागे होते.

कपड्यांवरून बाईची परीक्षा घेणं कायद्यातून हळूहळू बाद होत आलं आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम १५५ (४) होतं. बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी बाई सर्वसाधारणपणे अनीतिमान आहे असं दाखवून तिची साक्ष मोडायची मुभा त्यात होती. मथुरा प्रकरणानंतर आपल्या चळवळीने जे रान उठवलं, त्याला किती वर्षं लोटल्यावर, २००२ च्या दुरुस्तीने ते वगळलं गेलं. कलम गेलं म्हणून नजर जात नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये केरळातल्या कोळिकोडच्या सत्र न्यायालयाने जामिनाच्या आदेशात लिहिलं की तक्रारदार बाईचा पोशाखच उत्तेजक होता. ऑक्टोबरमध्ये केरळ उच्च न्यायालयाने तो शेरा काढून टाकला. त्याच ऑक्टोबरमध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायालयात नोटीस लागली की वकील बायका भर कोर्टात केस सारखे करतात, त्याने कामकाजात व्यत्यय येतो, तसं करू नये. बोभाटा झाल्यावर ती मागे घेतली गेली. पुरुष वकील भर कोर्टात काय काय सारखं करतात यावर अजून नोटीस निघालेली नाही.

आणि जानेवारी २०२१ चा नागपूर खंडपीठाचा निकाल तर विसरणं शक्य नाही. बारा वर्षांच्या मुलीच्या अंगावर कपड्यावरून हात फिरवला, त्वचेला त्वचा लागली नाही, म्हणून बालकांच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा लागू होत नाही! १८ नोव्हेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. बघा, बाईने कपडे कमी घातले तर तिचा दोष, आणि मुलीने पुरते घातले तर गुन्हा कमी झाला. कपडा कुठल्या बाजूने पुरावा होणार हे ठरवणारी आपण नसतोच.

सरकारी फतवे वेगळेच. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने कर्मचाऱ्यांना जीन्स-टी-शर्टची बंदी केली होती, मार्च २०२४ मध्ये शिक्षकांची पाळी आली. बाईंनी साडी किंवा सलवार-कुर्ता-दुपट्टा, गडद रंग नको, चित्रं नकोत. त्यात पुरुषांनाही नियम आहेत, हे मान्य. पण वर्गात काय शिकवलं जातं यापेक्षा बाईंचा दुपट्टा जागेवर आहे का हे तपासणं सोपं असतं, एवढं खरं.

हे झालं बाहेरच्यांचं. आता आपल्या घरातलं.

नव्वदच्या दशकात मी पहिल्यांदा एका महिला गटाच्या बैठकीला गेले, तेव्हा जॉर्जेटची फुलांची साडी, मॅचिंग बांगड्या आणि टिकली असा माझा थाट होता. कुणी काही बोललं नाही. पण सगळ्यांच्या अंगावर हातमागाचे कुर्ते, कोल्हापुरी चप्पल, खांद्याला शबनम. मला कळायचं ते कळलं. पुढच्या बैठकीला मी हातमागाचा कुर्ता घालून गेले. साडी सोडून ड्रेसवर आले तेव्हा मोकळं वाटलं होतं, तसं त्या दिवशी वाटलं नाही. परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं. आपणही गणवेश केला, मैत्रिणींनो. लिपस्टिकवाली बाई आपल्याला थोडी कमी गंभीर वाटली, हे आपण आता तरी म्हणूया.

आणि साधेपणाची किंमत कोण मोजत होतं? हातमागाची साडी महाग, तिला खळ हवी, इस्त्री हवी. आमच्या वस्तीतल्या बाया पॉलिस्टर नेसतात ते अभिरुची नाही म्हणून नव्हे. रात्री धुतली की सकाळी वाळते, इस्त्री लागत नाही, फाटत नाही. बंगल्यावर धुणंभांडी करायला जाताना नीट दिसते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या बायकांना बाबासाहेबांनी साडी नेसण्याच्या पद्धतीबद्दल सांगितलं होतं. अस्पृश्य म्हणून ओळखू याव्यात अशी गुडघ्यापर्यंत खोचलेली साडी आणि अंगावरची जड कथला-चांदीची ओझी टाका, स्वच्छ आणि घोट्यापर्यंत नेसा. बायकांनी तिथल्या तिथे नेसण बदललं. ज्यांना साधेपणा जातीने लादलेला होता, त्यांच्या दृष्टीने नीट नेसणं हाच लढा होता. हा इतिहास शिबिरांतून आपण सांगतो, आणि जेवणाच्या सुट्टीत ‘बघ, किती नटून आलीय’ असंही म्हणतो. मी स्वतः म्हटलेलं आहे.

मग आता मी काय करते? अशिलांना वेश सांगणं मी बंद केलं. अगदी तत्त्वासाठी तसं केलं म्हणाल तर ते खोटं ठरेल, कारण तत्त्व माझं आणि जोखीम तिची. साहेब कसे आहेत, समोरचा वकील काय विचारू शकतो, फोटो कुणाकडे असू शकतात, हे सगळं तिला सांगते. नंतर ती ठरवते. काही जणी साडीच नेसून येतात, कारण तीच त्यांची रोजची असते. एक परिचारिका गणवेशात आली. एकीने स्वतःच मंगळसूत्र काढून पर्समध्ये ठेवलं आणि मला म्हणाली, विचारलं तर सांगेन का काढलं ते. एका तरुण वकील मुलीने मला सुनावलं की तुमच्या प्रयोगात कुणाची केस बिघडली तर? तिचं म्हणणं मी उडवून लावत नाही. माझ्याकडे त्याला पुरतं उत्तर नाही. एवढंच माहीत आहे की वेषांतरानेही केसेस बिघडतात, आणि त्या बिघडल्या की बाईला आपण खोटं पाडल्यासारखं होतं.

कपड्यांची यादी मात्र मी प्रत्येक अर्जाला जोडते. २००५ च्या कायद्यात बाईचं स्त्रीधन आणि तिच्या वस्तू परत द्यायचा हुकूम करता येतो. कपडे या वस्तूच नाहीत असं कुठे म्हटलेलं नाही. कपडे अडवून ठेवणं, फाडणं, जाळणं हे तर नेहमीचं. एका बाईच्या नोकरीच्या मुलाखतीच्या आदल्या रात्री तिचा एकुलता एक चांगला ड्रेस नवऱ्याने कात्रीने उभा कापला होता. आर्थिक छळ म्हणतो तो याहून वेगळा काय असतो? आपल्या केंद्रांत येणाऱ्या बायकांना हा प्रश्न विचारून बघा, कपाटात काय राहिलं? पेन घेऊन बसा, वेळ लागेल.

माझ्या अशिलाला अंतरिम पोटगी मंजूर झाली आणि वस्तू परत द्यायचा हुकूमही झाला. पोलीस बरोबर घेऊन ती घरी गेली. अकरा साड्यांपैकी आठ मिळाल्या, ड्रेस मिळाले, स्वेटर मिळाला. यादीतल्या दोन जीन्स मिळाल्या नाहीत. सामनेवाल्याने लेखी म्हणणं दिलं की असले कपडे त्यांच्या घरात कधी नव्हतेच, त्यांच्या घराण्यात ते चालतही नाहीत. मी त्याच्याच वकिलांनी हजर केलेला सहलीचा फोटो पुन्हा साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी फोटो पाहिला, म्हणणं पाहिलं, आणि सामनेवाल्याकडे पाहिलं.

पुढच्या तारखेला दोन्ही जीन्स वर्तमानपत्रात गुंडाळून आल्या. तिने पॅसेजमधल्या बाकावर त्या उलगडल्या, कुठे कापल्यात का ते बघितलं, खिसे उलटे करून तपासले. मी पावती लिहिली. जीन्स पँट, नग दोन, मिळाल्या. तिने सही केली आणि पिशवी उचलून ड्युटीवर गेली.